जड गाडी, ट्रॅकचा दिवस आणि कोकणची हवा: ब्रेक पॅडचा एक संच की दोन?

घाटमाथा (चिपळूण)

मुद्दा थेट मांडतो. चिपळूण-रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत आता पावणेदोन टनांच्या, साडेतीनशे-चारशे अश्वशक्तीच्या गाड्या दिसू लागल्या आहेत. त्यांतले काहीजण गाडी कोइंबतूर, चेन्नई, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट नाहीतर तळेगावजवळच्या नानोलीला शर्यतीच्या ट्रॅकवर घेऊन जातात. बरेचसे कंपनीच्या पॅडवरच (पॅड म्हणजे ब्रेकच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे) ट्रॅकवर उतरतात, आणि काहीजण रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारा एकच 'मधला' पॅड बारा महिने वापरतात. माझं मत असं की जड गाडीला ट्रॅकसाठी पॅडचा वेगळा संच हवाच. तो तिथे पोचल्यावर चढवायचा आणि परत निघण्याआधी उतरवायचा.

कारण वजन, आणि त्याहून जास्त वेग. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या वळणानंतर एक किलोमीटरहून थोडा जास्त सरळ पट्टा आहे आणि तो संपतो तिथे कचकचीत ब्रेक मारावा लागतो. माझ्या बीएमडब्ल्यू एम३४०आयसारखी गाडी चालकासकट १८०० किलो धरा. ती २०० वरून ८० वर आणायची, तर साधारण २.३ मेगाज्यूल ऊर्जा साडेतीन-चार सेकंदांत उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. सात लिटर पाणी उकळी येईपर्यंत तापवायला एवढीच लागते. एक टनाची हॅचबॅक त्याच पट्ट्यावर १५० पर्यंत गेली असं धरलं, तर तिचा आकडा ०.६ च्या आसपास येतो. वजन पावणेदोनपट, उष्णता जवळपास चौपट. आणि हे एका वळणाचं झालं. पुढच्या वळणाला डिस्क अजून तापलेलीच असते.

रस्त्याच्या पॅडमधलं रेझिन (पॅडला बांधून ठेवणारा डिंक) साधारण ४०० अंशांच्या पुढे जळायला लागतं, त्यातून वायू निघतो आणि पकड सुटते. ट्रॅकचा पॅड ६००-७०० अंशांतही धरतो, पण थंड असताना त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. सकाळी थंड ब्रेकवर परशुराम घाट उतरायचा आणि दुपारी ७०० अंश सोसायचे, ही दोन्ही कामं एका पॅडला जमत नाहीत.

खाडीकाठ (रत्नागिरी)

घाटमाथा, आकडे मान्य, निष्कर्ष मान्य नाही.

पॅड काम करतो तो डिस्कवर बसलेल्या स्वतःच्या पातळ थरावर. नवीन पॅड 'बसवतो' म्हणजे तोच थर समान पसरवतो. रस्त्याच्या पॅडचा थर डिस्कवर असताना तुम्ही वेगळ्या जातीचा ट्रॅकचा पॅड चढवलात की दोन थर एकमेकांत नीट मिसळत नाहीत. कुठे जाड, कुठे पातळ असं साचतं आणि पेडलला थरथर सुरू होते. मग गॅरेजवाला 'डिस्क वाकली' म्हणून सांगतो. बहुतेक वेळा डिस्क धड असते, डाग पडलेला असतो. म्हणजे दोन संच हे अर्धंच गणित आहे. खरं तर डिस्कही दोन जोड लागतील. तो खर्च धरलात का?

फेरोडो डीएस२५०० सारखे मधले पॅड थंड असतानाही बऱ्यापैकी धरतात आणि वीसएक मिनिटांचं सत्र, मध्ये थंड करण्याची फेरी घेत, निभावून नेतात. वर्षातून दोनदा ट्रॅकवर जाणाऱ्याला एवढं पुरे. आवाज येतो, चाकं काळी होतात, ते चालवून घ्यायचं.

घाटमाथा

थराचा मुद्दा खरा आहे, पण त्यावर उपाय आहे. एकाच कंपनीचे, एकाच कुळातले दोन पॅड घेतले तर थर बऱ्यापैकी जुळतात. शिवाय ट्रॅकचा पॅड कडक असतो, पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत हळूहळू ताप वाढवत नेला की तो जुना थर खरवडून स्वतःचा बसवतो. परत येताना रस्त्याचा पॅड पुन्हा बसवावा लागतो, तेवढा वेळ द्यायचा.

बदलण्याचं कामही लोक उगाच मोठं करून सांगतात. पुढचं कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा सांगाडा, फिक्स्ड (जागचा न हलणारा) आहे. चाक काढलं, दोन पिना ठोकून बाहेर, वरची पत्र्याची स्प्रिंग हातात, पिस्टन चारही सावकाश मागे दाबले की जुना पॅड वर सरकून येतो. वेअर सेन्सरची (पॅडची झीज कळवणारी) वायर पुढे डाव्या चाकाला असते, ती ओढली की तुटते म्हणून आधी सोडवायची. मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असल्यामुळे तो सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठी मोकळा) टाकल्याशिवाय पिस्टनला हात लावायचा नाही. एवढं पाळलं की झालं.

मेस्त्री_कुडाळ

तुमी पॅडाबद्दल बोलतास, पण आदी ब्रेक ऑइल बघा.

माझ्याकडे गाडी येते आणि मालक सांगतो, ब्रेक गेला. मी पहिला प्रश्न विचारतो: पेडल कसं होतं? पाय टाकल्यावर पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून घसरला. पेडल मऊ पडून खाली गेलं, दोनदा पंप मारल्यावर थोडं वर आलं, तर कॅलिपरमध्ये ऑइल उकळलं. दोन्ही आजार वेगळे. दुसऱ्याला जगातला महागातला महाग पॅड लावला तरी पेडल खालीच जाणार.

डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की १५५ वर आला तरी प्रमाणात बसतो. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, होजमधून (ब्रेकच्या रबरी नळीतून) सुद्धा. आमच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. घाटावरच्या माणसाने दोन वर्षं ऑइल चालवलं म्हणून कोकणातल्याने चालवू नये. ट्रॅकवर जायचं तर ३०० अंशांच्या वरचं रेसिंगचं ऑइल घ्या. बाटली उघडली की त्याच दिवशी वापरा, उरलेलं पुढच्या वेळेला ठेवू नका. चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली एअर काढा. जड गाडीच्या खर्चात हा खर्च काहीच नाही.

पाणंद (वेंगुर्ले)

मेस्त्रींशी शंभर टक्के सहमत. पण मला एका गोष्टीवर जोर द्यायचा आहे आणि त्यात तडजोड नको. ट्रॅकचा पॅड लावून कोणी मुंबई-गोवा महामार्गावर येऊ नये.

जुलैमध्ये आंबोली चढून-उतरून बघा. रस्त्यावरून पाणी वाहतं, चाकाला, डिस्कला सतत पाणी. ब्रेक तापणार कधी? पुढे धुक्यातून अचानक बंद पडलेला ट्रक किंवा धबधबा बघायला थांबलेली माणसं दिसतात. त्या पहिल्या ब्रेकला पॅडने धरलंच पाहिजे, तिथे दुसरी संधी नाही. रस्त्यावरच्या पर्यायी पॅडसाठी युरोपात आर९० ही मान्यता आहे. त्यात मूळ पॅडच्या तुलनेत पकड १५ टक्क्यांहून इकडे-तिकडे गेलेली चालत नाही. शुद्ध रेसिंगच्या पॅडना ती सहसा नसते. कारण उघड आहे.

आणि खाडीकाठ, तुमच्या 'मधल्या' पॅडलाही किनाऱ्यावर एक दुखणं आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गाडी उभी राहते. बिडाची डिस्क एका रात्रीत तांबडी होते, ते पहिल्या चार ब्रेकमध्ये निघून जातं. पण पॅडच्या मागच्या पत्र्यावर चढलेला गंज तसाच राहतो. तो फुगतो आणि पॅडचा घासणारा थर पत्र्यापासून सुटायला लागतो. ट्रॅकच्या उष्णतेत असा पॅड गेला तर काय होईल? म्हणून बारा महिने गाडीत राहिलेला पॅड ट्रॅकवर नेऊ नये. वेगळा, कोरड्या डब्यात ठेवलेला संच हवा. त्या बाबतीत मी घाटमाथांच्या बाजूची.

खाडीकाठ

पाणंदताई, गंजाचा मुद्दा मी धरला नव्हता, तो वजनदार आहे. पण तो पॅड काढून बघण्याचा मुद्दा आहे. ट्रॅकवर जाण्याआधी चारही चाकांचे पॅड काढा, कडेने पत्रा आणि थर यांच्यामध्ये फट दिसते का बघा. दिसली तर फेका. त्यासाठी दोन संच कशाला?

सडा_रान

माझं मत सगळ्यांच्या विरुद्ध जाईल. पावणेदोन टनांची गाडी ट्रॅकवर न्यायचीच कशाला? पॅड, ऑइल, डिस्क, टायर, सगळं दुप्पट वेगाने संपतं. जुनी हलकी हॅचबॅक घ्या, चांगले पॅड टाका, दिवसभर चालवा. ब्रेकवर पाय कसा ठेवायचा ते तिच्यात जास्त शिकाल. त्या पैशात तुमचे दोन संच आणि दोन जोड डिस्क कुठल्या कुठे भागतील.

घाटमाथा

सल्ला चांगला आहे आणि नव्या माणसाला मीही तोच देईन. पण ज्याच्याकडे ही गाडी आहे तो तिची ताकद रस्त्यावर काढू पाहणार. कशेडीच्या वळणांवर काढण्यापेक्षा ट्रॅकवर काढलेली बरी. मग तिथे तिचे ब्रेक त्या कामाचे असले पाहिजेत, एवढंच मला म्हणायचं आहे.

चालवण्याबद्दलही बोलायला हवं. घाट उतरताना गाडी गिअरात ठेवून ब्रेक सुटा-सुटा मारतो, ती सवय ट्रॅकवरही कामाला येते. जड गाडीत भीतीपोटी लवकर आणि लांबपर्यंत ब्रेक धरून ठेवला तर डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही. जोरात, थोडक्यात, आणि सोडून द्यायचा. शेवटची फेरी ब्रेकला जवळजवळ हात न लावता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. लाल तापलेल्या डिस्कला पॅड दाबून बसला की नेमका त्या जागी डाग पडतो, तोच खाडीकाठ म्हणतात तो.

मेस्त्री_कुडाळ

मागच्या पॅडबद्दल कोणी बोललं नाही. हल्लीच्या गाड्यांत स्थिरतेची यंत्रणा चालू असली की वळणात ती स्वतःच एकेका चाकाचा ब्रेक लावते, बहुतेक मागचा. तुमचा पाय पेडलवर नसतो आणि मागचा पॅड संपत असतो. पुढे ट्रॅकचे आणि मागे कंपनीचे असं करू नका. पुढे-मागे पकडीचा मेळ बिघडतो आणि मागचेच आधी जळतात.

खाडीकाठ

मेस्त्री, एक विचारतो. पॅड किती उरला की ट्रॅकवर न्यायचा नाही?

मेस्त्री_कुडाळ

अर्धा. रस्त्यावर अर्धा पॅड अजून बराच चालतो, ट्रॅकवर नाही. पॅडचा घासणारा थर हाच डिस्क आणि पिस्टनमधला आडोसा. तो पातळ झाला की उष्णता सरळ पिस्टनमधून ऑइलात जाते, मग ऑइल कितीही ताजं असू दे. आणि जड गाडी एका दिवसात किती पॅड खाते ते बघितलंत तर सकाळचा अर्धा संध्याकाळी पत्र्यावर आलेला असतो.

खाडीकाठ

मग माझा मधला पॅड वर्षभर रस्त्यावर झिजून अर्ध्यावर आला की ट्रॅकच्या आधी नवा घ्यावाच लागणार. म्हणजे संच दोनच झाले, हे कबूल. पण दुसराही मी मधल्याच जातीचा घेईन. थर जुळतो, आणि ट्रॅकवरून घरी येताना वाटेत पाऊस लागला तर मला तोच गाडीत हवा.

पाणंद

तसं असेल तर माझी हरकत नाही. पण सत्र पंधरा मिनिटांचं ठेवा.

घाटमाथा

माझी हरकत आहे. २०० वरून ८० ला येताना मधला पॅड पाचव्या फेरीला काय करतो ते ट्रॅकवर समोरासमोर बघू. पावसाळा संपला की नानोलीला या, दोन्ही गाड्यांच्या डिस्कवर तापमानाचा (ताप वाढला की बदलणारा) रंग लावू आणि सत्र संपल्यावर चाकं काढून बघू.