‘इरिस ग्री’ची जुनी बाटली आणि २०१८ची नवी आवृत्ती: तुलना कशी करायची?

चाफेकळी
फ्रेंच वेशभूषाकार जाक फात यांच्या ‘इरिस ग्री’ या जुन्या अत्तराची एक बाटली लिलावात आली आहे. काचेचं बूच, गळ्यावरचा दोरा शाबूत, पण द्रव दोन तृतीयांशच उरलाय आणि रंग गडद मधासारखा झालाय. अत्तरकार व्हँसाँ रुबेर यांची ही दुसऱ्या महायुद्धानंतरची रचना. १९५४ साली फात गेले, पुढे अत्तरही बाजारातून गेलं. २०१८ साली पात्रिस रव्हियार यांनी नव्याने बांधलेलं ‘लिरिस द फात’ आलं, त्याचा नमुना मिळण्यासारखा आहे. आतलं कितपत टिकलं असेल? अडकलेलं बूच कसं काढावं? आणि दोन्हींत जाणवणारा फरक रचनेचा की वयाचा, हे कसं ओळखायचं?

रसायनी
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच आहे, म्हणून तिथून सुरू करतो.

या अत्तराचा जीव म्हणजे आयरिस या फुलझाडाचा वास आणि त्यावर पीचची साय. आयरिसचा वास फुलातून नव्हे, जमिनीखालच्या खोडातून येतो. ‘आयरिस पॅलिडा’चं खोड दोन-तीन वर्षांनी काढतात, सोलतात, वाळवतात आणि पुन्हा काही वर्षं नुसतं ठेवून देतात. ताज्या खोडाला तो वास नसतोच. साठवणीत ऑक्सिडेशन होऊन ‘आयरोन’ हे वासाचे रेणू तयार होतात, मग भुकटी करून वाफेवर ऊर्ध्वपातन. हाती येतं ते घट्ट लोण्यासारखं असतं, कारण त्यात बहुतांश मिरिस्टिक आम्ल असतं. ते वेगळं काढलं की ॲब्सोल्यूट, म्हणजे शुद्ध अर्क, मिळतो. त्याच्या किमतीचं कारण ही वर्षानुवर्षांची वाट आणि अगदी तुटपुंजा उतारा. पीचचा भाग म्हणजे गॅमा-अनडेकालॅक्टोन. व्यवहारात त्याला ‘आल्डिहाइड सी-१४’ म्हणतात, पण ते आल्डिहाइड नाही, लॅक्टोन आहे.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की आयरोन आणि हे लॅक्टोन दोन्ही बऱ्यापैकी चिवट आहेत. आधी मरतात ते लिंबूवर्गीय तेलांतले टर्पीन (टर्पेंटाइनसारखा वास सुटतो) आणि खरे आल्डिहाइड. म्हणून जुन्या बाटलीची पहिली पंधरा-वीस मिनिटं पुरावा म्हणून धरूच नका. त्या वेळात नेलपॉलिशसारखा किंवा आंबूस वास आला तरी माल गेला असं समजू नका. रंग गडद होणंही जुन्या फुलांच्या अत्तरांत नेहमीचं आहे.

द्रव कमी होणं मात्र तुलनेला त्रास देतं. घासलेल्या काचेच्या सांध्यातून अल्कोहोल आधी उडतं, जड घटक मागे राहतात. उरलेलं मूळपेक्षा दाट होतं आणि नवं त्याच्यासमोर उगाच फिकं वाटतं. लोक इथेच फसतात.

गंधपट्टी
बुचाबद्दल. पकड, पक्कड, चाकू, काही लावू नका. आधी दोऱ्याचा आणि बुचावर ताणलेल्या पातळ पडद्याचा जवळून फोटो घ्या, कारण ते तोडलं की बाटलीची संग्राहकी किंमत उतरते. नुसती बाटली हवी असेल तर उघडूच नका.

उघडायचीच असेल तर कडा असलेल्या ताटात, मऊ कापडावर उभी धरा. बूच आणि गळा यांच्या फटीत शुद्ध इथेनॉलचे दोन-तीन थेंब सोडा. तिथे सुकलेला राळेसारखा थर असतो, तोच बूच धरून ठेवतो. तासभर थांबा, पुन्हा थेंब सोडा. मग गळ्याभोवती कोमट ओलं फडकं अर्धा मिनिट गुंडाळा, म्हणजे गळा किंचित फुगतो आणि बूच थंडच राहतं. आता ओढू नका, हलकेच फिरवा. नाही हललं तर लाकडी चमच्याने आलटून पालटून दोन्ही बाजूंनी टकटक करा आणि चक्र पुन्हा. दोन दिवस लागले तरी चालतील. गरम पाण्यात बाटली बुडवणं सर्वांत वाईट, काच तडकते.

उघडल्यावर काचेच्या पिपेटने १ मिलि. काढून छोट्या कुपीत काठोकाठ भरा. हवेची जागा जितकी कमी तितकं बरं. थंडीत द्रव धुरकट झाला तर गाळू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. आयरिसच्या लोण्यातलं आम्ल थंडीत बाहेर पडत असेल तर ते परत विरघळतं.

चाफेकळी
मग दाट झालेलं पातळ करून तुलना करू का?

रसायनी
नको. नेमकं किती अल्कोहोल उडालं हे ठरवता येत नाही, त्यामुळे नवी चूक भर पडेल. त्याऐवजी सूक्ष्म पिपेटने दोन्हींचे ५ मायक्रोलिटर वेगवेगळ्या कागदी पट्ट्यांवर टाका आणि तिसऱ्या पट्टीवर जुन्याचे ३ मायक्रोलिटर. तिसरी पट्टी दाटपणाचा अंदाज देते. वेळा: १० मिनिटं, १ तास, २ तास, ८ तास, २४ तास. दोन तासांनंतरचंच मोजा. पट्ट्यांवर मागे खुणा करा आणि कुणाला तरी सरमिसळ करायला सांगा, नाहीतर डोळेच वास घेतात.

आयोनोन (आयरोनचे जवळचे नातेवाईक, व्हायोलेटच्या वासाचे रेणू) आणि आयरोन नाकाला फार लवकर थकवतात. वास गायब होतो आणि जरा वेळाने परत येतो. दोन पट्ट्यांमध्ये निदान दोन-तीन मिनिटं सोडा. शिवाय बीटा-आयोनोन काहींना जन्मतःच जवळजवळ येत नाही, त्यामागे एका घ्राणग्राहकाचा जनुकीय फरक आहे. म्हणून एका नाकाच्या निकालावर ‘नवं फिकं आहे’ असं ठरवू नये.

केवडा
एक राहिलं. जुनी बाटली हाच ‘मूळ’ वास असं धरणं मला पटत नाही. व्हर्सायच्या ऑस्मोतेक या अत्तरांच्या संग्रहालयात जुन्या अत्तरांच्या सूत्रांवरून बनवलेले नमुने १२ अंश सेल्सिअसला, अंधारात, आर्गॉन वायूखाली ठेवतात. ‘इरिस ग्री’ तिथे आहे. विकत मिळत नाही, पण हुंगता येतं. सत्तर वर्षं कपाटात राहिलेल्या बाटलीपेक्षा तो जास्त विश्वासाचा मापदंड. नव्या आवृत्तीची बाजूही नीट बघा: आज युरोपात विकायच्या अत्तरात ओकमॉसमधले (ओकवर वाढणाऱ्या दगडफुलातले) ॲट्रॅनॉल आणि क्लोरोॲट्रॅनॉल चालत नाहीत, जुन्या नायट्रोमस्कांपैकी (कृत्रिम कस्तुरींपैकी) मस्क ॲम्ब्रेटही नाही. त्यामुळे तळाचा पोत बदलणारच, मधला आयरिस-पीचचा भाग मात्र या बंदीत सापडत नाही. फरक शोधायचा तर तिथेच शोधा.

चाफेकळी
म्हणजे बाटली उघडण्याआधी नवा नमुना दोन-तीन दिवस नुसता हुंगून घेते. मधला भाग मनात बसला की मगच बूच.

गंधपट्टी
हो, आणि उघडल्याचा दिवस कुपीवर लिहा. काठोकाठ भरलेली १ मिलि.ची कुपी अंधारात ठेवा आणि मोठी बाटली परत परत उघडू नका.