पाटणजवळ कौलारू घरात राहायला आलोय. साप-विंचवांचं काय करावं?

ओसरी:
नमस्कार. जूनपासून पाटण तालुक्यात सासरच्या जुन्या घरात राहतोय. मातीच्या भिंती, परसात सरपणाची चळत, पलीकडं ऊस. आम्ही दोघं आणि पाच वर्षांची मुलगी. माझं सगळं आयुष्य ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर गेलं. पंधरा दिवसांत न्हाणीत विंचू निघाला, परवा मागच्या पडवीत साप. शेजारचे काका धामण आहे म्हणाले आणि तरीही काठी आणायला वळले. मी नको नको म्हणेपर्यंत ती कुडाखालून गेली. घर मला आवडलंय, सोडायचं नाही. पण रात्री मुलीनं कूस बदलली तरी मी उठून बसते. कुठून सुरुवात करू?

शिराळकर_७:
ताई, आजच एक काम करा. जमिनीवर झोपणं बंद. तिघंही खाटेवर, वर मच्छरदाणी, आणि तिची कड चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. डासांसाठी हवीच, पण मी सांगतोय ती मण्यारसाठी. हा रात्री फिरणारा साप, भक्ष्य शोधत घरात येतो आणि अंथरुणात शिरतो. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज नाही, चावल्याचं कळतही नाही.

माझा चुलतभाऊ पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला. घरच्यांनी ओवा दिला, पोट शेकलं. तासाभरानं पापण्या मिटायला लागल्या, तेव्हा काकू ओरडली. कराडला पोहोचेपर्यंत त्याला श्वास घेता येईना. चार दिवस व्हेंटिलेटरवर होता, वाचला. त्यामुळं खाली झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखलं, गिळता येईना, पापण्या जड झाल्या, तर साप दिसला नसला तरी थेट दवाखाना.

बाकी सगळं उंदरावर येतं. धान्याची पोती उघडी ठेवू नका, झाकणाच्या पिंपात भरा. सरपण भिंतीपासून लांब, विटांवर उचलून रचा. मोरीच्या भोकाला बारीक जाळी, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी. फिनेल, कार्बोलिक, लसूण यांवर पैसे घालवू नका, त्यानं साप अडत नाही. धामण तर बिनविषारी, उंदीर तीच खाते. तिला मारू दिली नाहीत, फार बरं केलंत.

सातारची_सिस्टर:
(निवृत्त परिचारिका आहे.) साप चावलाच तर माणसाला चालवू नका. हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, 108 ला फोन करा. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. साप मारून आणण्यातही वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर आपल्याकडं एकच लस, म्हणजे चावल्यावर द्यायचं प्रतिविष, चालते. तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात ती आहे का, हे मात्र आजच विचारून ठेवा, गरज पडल्यावर नाही.

विंचवाचं सांगते. मोठ्या काळ्यापेक्षा लहान लाल विंचू घातक, आणि मुलांना जास्त. डंखानंतर दरदरून घाम, उलटी, हातपाय गार पडले तर घरगुती उपायात थांबू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला, त्यानं पुष्कळ जीव वाचले. पण ते डॉक्टरांनीच द्यायचं. मुलीची चप्पल, दप्तर, दोरीवरचे कपडे रोज झाडून द्या. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मिळाली तर घ्या. अंधारात तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, न्हाणीचा कोपरा क्षणात बघून होतो.

कोयनाकाठ:
ओसरीवरचा पांढरा दिवा रात्रभर जळतो का? बंद करा. उजेडाला किडे, किड्यांना बेडूक, बेडकांमागं साप. पिवळा बल्ब दारापासून लांब लावा. घरात मांजर पाळा, उंदीर कमी होतील.

शिराळकर_७:
दादा, मांजराचं जपून. आमच्या मांजरानं अर्धमेला साप उचलून थेट माजघरात आणून टाकला होता.

कोयनाकाठ:
हे खरं, आमच्याकडं नाही घडलं कधी. ताई, अजून एक. ऊस लागून आहे तर दिवेलागणीनंतर मुलीला एकटी परसात सोडू नका, बिबट्या फिरतो. दिसला तर गर्दी करून पाठलाग नको, वनखात्याला 1926 वर कळवा.

ओसरी:
सगळ्यांचे मनापासून आभार. संध्याकाळी सरपण हलवलं. खालच्या थरात दोन विंचू आणि उंदराचं बीळ निघालं. काका स्वतः विटा घेऊन आले मदतीला. दवाखान्यात विचारलं, लस आहे म्हणाले, नंबर दाराच्या आत चिकटवलाय. मुलगी आज खाटेवर झोपलीय. पण खाट जुनी, रुंद आहे, घरातली मच्छरदाणी खोचायला अपुरी पडते. पाटण किंवा कराडला मापानं शिवून देणारं कुणी आहे का?