मदत हवी आहे: दूध-तूप न वापरता दिवाळीचं गोडधोड (जळगाव)

गिरणाकाठ:
नमस्कार मंडळी. दिवाळीला घरी येणारे दोन पाहुणे पूर्ण व्हीगन आहेत. दूध, दही, लोणी, तूप, मध यांतलं काहीच चालत नाही. शेव-चिवडा तेलातलाच असतो, त्यामुळे तिखटाची काळजी नाही. अडतंय ते गोडावर.
१) बेसनाच्या लाडवात तुपाऐवजी खोबरेल घातलं तर लाडू बसतील (चपटे होतील) का?
२) करंजीचा साटा (पदरांमध्ये लावायचं तूप-पिठाचं मिश्रण) कशाचा करायचा?
३) अनारसे तेलात तळले तर हसतात (कढईत फुटून विरघळतात) का?
४) पाडव्याला खापरावरचे मांडे (उलट्या मातीच्या भांड्यावर भाजलेल्या पातळ पुरणपोळ्या) आहेत. वर तूप-दूध नाही, तर मग काय वाढायचं?
डालडा वापरायचा नाही, असं घरात ठरलंय.

वाघूर:
पहिला प्रश्न सगळ्यात अवघड, म्हणून त्याचंच सविस्तर लिहितो. खोबरेल २४-२५ अंशांना वितळतं आणि जळगावात दिवाळीच्या दुपारी पारा तिशी ओलांडतो. तुपाइतकंच खोबरेल घातलं, तर सकाळी गोल दिसणारा लाडू दुपारी ताटात चपटा होणार आणि खाली तेल सुटणार. म्हणून स्निग्धांश कमी करायचा आणि ती जागा काजूने भरायची.

अर्धा किलो जाडसर बेसनाला एरवी २२५ ते २५० ग्रॅम तूप लागतं. त्याऐवजी १५० ग्रॅम खोबरेल आणि ७५ ग्रॅम काजूची गुळगुळीत पेस्ट घ्या. पेस्ट कोरडी वाटायची, पाण्याचा थेंबही नको. वास नको असेल तर रिफाइंड खोबरेल घ्या. भाजायला आधी १२० ग्रॅमच घाला. बेसन सुरुवातीला गोळे धरेल, घाबरून तेल वाढवू नका. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटांत ते आपोआप सैल पडतं. सैल पडलं म्हणजे भाजलं असं नाही, रंग बदलून खमंग वास सुटेपर्यंत अजून दहा मिनिटं हलवत राहा. मग उरलेलं तेल घाला.

दुधाचा हबका मारतात, त्याऐवजी दोन चमचे पाणी शिंपडा. बेसन रवाळ होतं ते वाफेने, दुधाने नाही. फेस पूर्ण बसेपर्यंत परता, ओल राहिली तर लाडू टिकत नाहीत. खाली उतरवून काजूची पेस्ट मिसळा आणि कोमट झाल्यावरच ३५० ग्रॅम पिठीसाखर घाला. गरम असताना घातली तर साखर विरघळून मिश्रण पातळ होतं आणि मग बेसन वाढवावं लागतं, ते कच्चं लागतं. मिश्रण वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून घट्ट दाबून वळा. डबाही फ्रिजमध्येच, वाढायच्या जरा आधी काढायचा.

खरं सांगायचं तर तुपावर उभा असलेला लाडू निवडूच नये. पाकातला रव्याचा लाडू, बुंदीचा लाडू, शेंगदाणा-गुळाचा लाडू यांना पाक नाहीतर गूळ बांधतो. उन्हाने ते बसत नाहीत. शेंगदाण्याचे तर सगळ्यात सोपे: अर्धा किलो भाजून सोललेल्या दाण्यांना ३०० ग्रॅम मऊ गूळ, मिक्सर थांबून थांबून फिरवायचा, दाण्याला तेल सुटू लागलं की लगेच वळायचे.

बिबडं:
साट्यासाठी खोबरेल पातळ चालत नाही. दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून लोण्यासारखं झालं की चार चमचे खोबरेल आणि चार चमचे तांदळाची पिठी फेसून घ्या, हलकं होईपर्यंत. पाऊण वाटी मैदा, पाव वाटी बारीक रवा आणि दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, पाण्यात घट्ट भिजवा. तीन पोळ्या लाटून एकीवर एक साटा लावून ठेवा, वळकटी करून लाट्या कापा. लाट्या फ्रिजमध्ये ठेवून चार-चारच बाहेर काढायच्या. ओट्यापाशी शेगडी पेटलेली असते, तिथे साटा वितळला की पदर एकमेकांना चिकटतात आणि करंजी कडक होते. सारणाचं सुकं खोबरं, रवा, खसखस कोरडंच भाजा.

शंकरपाळ्याचं इथेच सांगते: पाऊण वाटी पाणी, एक वाटी साखर, पाऊण वाटी तेल गरम करून साखर विरघळवा, गार झालं की मावेल तेवढा मैदा. तेल याच्यावर गेलं तर शंकरपाळे कढईत विरघळतात.

कुरडई:
अनारसे तेलामुळे हसत नाहीत. हसतात ते गूळ जास्त झाल्याने, मोहन जास्त झाल्याने किंवा तेल नीट तापलेलं नसल्याने. तांदूळ तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला. कापडावर पसरून ओलसर असतानाच दळून चाळा. अर्ध्या किलो पिठाला ३५० ते ४०० ग्रॅम किसलेला गूळ, गोळे करून पाच दिवस डब्यात. तूप घालतात त्याऐवजी एक चमचा खोबरेल पुरे, नाही घातलं तरी चालतं. पीठ कोरडं वाटलं तर दुधाऐवजी पिकलं केळं कुस्करून अगदी थोडं लावा, केळी तर आपल्या रावेर-यावलचीच. जास्त झालं की अनारसा लवकर काळा पडतो. आधी एकच तळून बघा. खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वर तेल उडवायचं. पहिलाच हसला तर गोळ्यात दोन चमचे कोरडी तांदळाची पिठी मळा.

सातपुडा_पायथा:
'तूप नही ते सन कसाना' (तूप नाही तर सण कसला) म्हणणारे भेटतीलच, पण मांड्यांना तूप लागतंच कुठे? कणीक मीठ-तेल-पाण्यात, पुरण डाळ-गुळाचं, खापर फक्त पुसायचं. तूप येतं ते ताटात. तिथे नारळाचं दूध द्या: एका नारळाचा खव, एक वाटी कोमट पाणी, मिक्सरमधून काढून पिळून घ्या. हलकं गरम करा, उकळू देऊ नका, फाटतं. गूळ आणि वेलची खाली उतरवल्यावर. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) हा प्रश्नच नाही, आमरस आहे.

डालड्याबद्दल: जानेवारी २०२२ पासून वनस्पतीतूप आणि तेलांत ट्रान्स फॅटची (हृदयाला घातक चरबीची) मर्यादा २ टक्के आहे, म्हणजे तो पूर्वीचा डालडा राहिला नाही. साट्याला तो खोबरेलापेक्षा सोपा जातो. तरी ठरलंय म्हणता तर आग्रह नाही.

गिरणाकाठ:
सगळ्यांचे आभार. बेसनाचे बाद, रवा आणि शेंगदाण्याचे करते. आणखी एक: काजूकतली बाजारातून आणली तर चालेल का? हिरवा ठिपका असतो ना?

वाघूर:
ताई, हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध-तूप बसतं. व्हीगनसाठी वेगळी हिरव्या रंगातली व्ही अक्षराची खूण आहे, २०२२ च्या नियमांनुसार. पाकिटावर ती नसेल तर घटकांत दुधाची भुकटी, व्हे, केसीन (ही दोन्ही दुधातली प्रथिनं) शोधा. सुट्या मिठाईला 'तूप आहे का' विचाराल तर दुकानदार मोठ्या अभिमानाने 'शुद्ध तुपातलंच' म्हणेल, त्यापेक्षा 'तळलंय कशात, ताटाला काय लावलंय' असं विचारा.

काजूकतली घरीच करा. २५० ग्रॅम काजू साध्या तापमानाचे, फ्रिजमधले नकोत. थांबून थांबून दळून चाळा, एका दमात फिरवले तर तेल सुटतं आणि वडी चिवट होते. १२५ ग्रॅम साखर, ६० मिली पाणी, एकतारी पाक, पूड घालून मंद आचेवर गोळा कढई सोडेपर्यंत. गोळा कोरडा पडून भेगा गेल्या तर चमचाभर पाण्याचा हात लावून मळा. लाटायला प्लास्टिकच्या कागदावर खोबरेलाचं बोट, बस.