मृत्युंजयची भाषा फक्त मलाच जड जातेय का?

वेंगुर्ल्याची वाचक: सगळे डोक्यावर घेतात म्हणून शिवाजी सावंतांची ही कर्णावरची कादंबरी वाचायला घेतली पण निराशा झाली. कर्ण, कुंती, शोण असे सहा जण आपापली बाजू सांगतात, आयडिया भारीच, पण सगळे एकाच सुरात बोलतात, सारथ्याचा मुलगा शोणही तितकाच अलंकारिक, मग वेगळे निवेदक कशाला? सोडू का?

कुडाळकर: सोडू नका हो! स्वगतं आहेत ती, मोठ्याने वाचा, आपल्या दशावतारातला राजा बोलतो तशी ऐकू येतात. मला तर कुंतीच्या भागात रडू आलं.

रत्नागिरीकर: तक्रार बरोबर आहे, उपमांखाली माणसं दबतात. १९६७ सालचंच इरावती कर्व्यांचं युगान्त घ्या, कादंबरी नाही, लेख आहेत, पण कर्णाबद्दल किती सरळ लिहिलंय.