गेम खेळायची सवय तुमचीही बदलली का?

दापोलीकर८४:
९४-९५ साली मुंबईचा मामेभाऊ मे महिन्यात टीव्हीला लावायचा गेम घेऊन यायचा, कॅसेटवर ९९९९ इन वन लिहिलेलं आणि आत तेच दहाबारा गेम फिरवून फिरवून. पडवीत आठ पोरं, रिमोट दोन, मेला की रिमोट पुढच्याला. मारियोत ८ वर्ल्ड, प्रत्येकात ४ लेव्हल, सेव्ह करायची सोय नाही, आणि सातव्यात पोचलो की नेमकी लाईट जायची. पुढे कॉलेजात व्हाइस सिटी रात्र रात्र जागून संपवला. आता मोठा गेम महिन्यापूर्वी डाउनलोड केलाय तो पहिल्याच मिशनवर पडलाय, खेळतो काय तर मोबाईलवर दहा मिनिटं बुद्धिबळ. वय झालं म्हणायचं का?

सड्यावरचो:
वय नाय रे, फुरसत नाय. माजो झील तेरा वर्षांचो, तो तर स्वतः खेळना कमी आणि दुसरे खेळतत ता यूट्यूबार बघना जास्त. इचारलंय, बघून काय गावता? तर म्हणता, बाबा तुमी क्रिकेट बघतास तेव्हा स्वतः खेळतास काय? गप बसलंय.

गुहागरची_पोर:
आमच्या वाडीत रेंज फक्त सड्यावर. २०१९ ला पबजीसाठी दहाबारा जण काजूखाली बसायचो, मोबाईल ज्याचा त्याचा पण आरडाओरडा एकत्र. सप्टेंबर २०२० ला बंदी आली, जुलै २०२१ ला बीजीएमआय, म्हणजे पबजीचाच भारतातला अवतार, आला तोवर अर्धी पोरं नोकरीला पुण्यामुंबईला गेलेली. आता रात्री साडेदहाला स्क्वॉड जमतो, माईक चालू, गेम नावालाच, कुणाच्या कलमांना किती मोहोर आला याच गप्पा, आणि त्यात मरतो. ऑनलाईनला पॉज नसतो हे आईला अजून पटत नाही, ताट वाढलं की वाढलं.

काकू_६३:
मी लॉकडाऊनमध्ये लुडो किंग शिकले. आम्ही चौघी बहिणी, एक बोरिवलीला, एक मालवणात. सोंगटी मारली की लगेच फोन करून शिव्या. अजून रोज दुपारी जेवणं आटपली की चालू. पूर्वी पोरांना ओरडायचे, आता नातू मला ओरडतो.

दापोलीकर८४:
काकू 😀 माळ्यावर बघितलं, कॅसेट सापडली. जुना टीव्ही मात्र भंगारात गेला, आता ती लावायची कशाला कुणी सांगेल का?