‘प्रौढ’, ‘परिपक्व’ की ‘पोक्त’? मंडळीच्या पुढाऱ्याला कोणता शब्द लावावा

प्रश्न (खानापूर) :
आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) तरुण पुढाऱ्यांसाठी दोन दिवसांचं शिबिर ठेवलंय. फलकावर मी ‘आध्यात्मिक व भावनिक परिपक्वता’ असं लिहिलं. उपासना सुटल्यावर एक मावशी तिथं थांबल्या आणि म्हणाल्या, “भावनिक म्हंजे? रडायचं नाही असं शिकवणार काय?” मला उत्तर सुचलं नाही. शास्त्रात, म्हणजे बायबलात, ‘प्रौढ’ आहे, पण इकडच्या पोरांना प्रौढ म्हणजे हायस्कूल. सरकारी शाळेच्या कन्नड पाटीवर ‘प्रौढ शाले’ असंच असतं. काय लिहावं?

उत्तर (बेळगाव) :
मावशींचा प्रश्न मोलाचा आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणूनच.

‘परिपक्व’ पच् धातूचा, म्हणजे शिजलेला, पिकलेला. ‘पोक्त’ फारसी ‘पुख्ता’वरून आला, त्याचाही अर्थ शिजलेलाच. पण आपल्याकडे पोक्त म्हटलं की केस पिकलेला माणूस दिसतो. ‘मुरलेला’ तर नकोच. लोणचं मुरलं तर चांगलं, पण ‘मुरलेला पुढारी’ म्हटल्यावर मंडळीतसुद्धा लोक खिसा चाचपतील.

आता ‘प्रौढ’. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात दूध बाळांना आणि जड अन्न प्रौढांना, असं आहे. मूळ ग्रीक शब्द ‘तेलेइओस’, म्हणजे शेवटास पोचलेला, पुरा झालेला. मत्तय 5:48 मध्ये तोच शब्द आपण ‘पूर्ण’ असा वाचतो. पण मला ओढ वाटते ती मराठी शब्दाच्या घडणीची. प्र + ऊढ. ‘ऊढ’ हे वह् धातूचं रूप, म्हणजे वाहिलेलं. पौलानं गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात एकमेकांची ओझी वाहा असं सांगितलंय, तोच हा धातू. ही जोड पौलाची नव्हे, आपल्या भाषेची आहे. शिबिरात ती जरूर सांगा. एक धोका मात्र आहे. याच शब्दाचं ‘प्रौढी’ झालं की बढाई होते. पुढारी प्रौढ असावा, प्रौढी मिरवणारा नसावा, हे मराठी माणसाला वेगळं फोडून सांगावं लागत नाही.

‘भावनिक’बद्दल मावशींचं खरं आहे. रोजच्या बोलण्यात ‘तो फार भावनिक आहे’ म्हणजे त्याला चटकन भरून येतं. लाजराच्या कबरेकडे जाताना येशू रडला, आणि मंदिरात रागावलाही. तेव्हा भावना दाबणं म्हणजे प्रौढपणा नव्हे. आमच्या मंडळीतल्या एका वडिलांचं, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या पुढाऱ्याचं, सांगते. पंचांच्या बैठकीत दानपेटीच्या हिशेबावरून एक तरुण त्यांच्यावर ओरडला. ते म्हणाले, “मला आत्ता राग आलाय. बोललो तर वाकडं बोलेन. पाणी पिऊन येतो.” बाहेरच्या माठातून पाणी प्याले, परत येऊन बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “हं, कुठल्या महिन्याचा हिशेब म्हणालास?” वही त्यांनी स्वतः उघडून त्याच्यापुढं सरकवली. त्यांचं शिक्षण चौथी.

उत्तर (चिकोडी) :
मग ‘समजूतदार’ का नको?

उत्तर (बेळगाव) :
घरात आपण हा शब्द कुणाला लावतो बघा. थोरल्या मुलीला. “तू समजूतदार हो” म्हणजे तू गप्प बस. पाळकसाहेबांना (पास्टरांना) सगळं गिळायला लावून आपण समजूतदार म्हणतो, आणि मग ते घरात बायकामुलांवर उसळतात. असं एक घर मी जवळून पाहिलंय. म्हणून या शब्दाची मला भीती वाटते.

उत्तर (निपाणी) :
थोडी भर. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात अध्यक्ष, म्हणजे मंडळीवर देखरेख करणारा, ‘नवशिका’ नसावा असं आहे (3:6). तिथं ग्रीक शब्द ‘नेओफितोस’, म्हणजे नवं लावलेलं रोप. आम्ही तंबाखूवाले, आम्हाला हे लगेच कळतं. तरू, म्हणजे वाफ्यातलं कोवळं रोप, उपटून रानात लावलं की पहिले काही दिवस मान टाकतं. तेव्हा जास्त छेडायचं नसतं, पाणी बेताचं द्यायचं, मुळं धरू द्यायची. आम्ही मात्र नवा पोरगा चांगली प्रार्थना करतो म्हणून लगेच उपदेशाला उभा करतो. आणि वयाचं म्हणाल तर त्याच पत्रात पुढं तुझं तारुण्य कुणी तुच्छ मानू नये असंही आहे (4:12). तेव्हा प्रश्न वयाचा नाही, मुळांचा आहे. कन्नडमधलं ‘हिरियरु’ आणि आपलं ‘वडील’ हे दोन्ही शब्द वयाकडे ओढतात, तेवढं शिबिरात सांभाळा.

प्रश्नकर्ता (खानापूर) :
सगळ्यांचे आभार. ‘भावनिक’ पुसलं. आता फलकावर ‘प्रौढ पुढारी : राग, दुःख आणि ओझी’ असं आहे. मावशींना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “रागावर बोलणार असलासा तर आमच्या थोरल्यालाबी घेऊन येते.” पहिल्या सत्रात तरवाचं रोप ठेवायचा विचार आहे. आमच्याकडं तंबाखू नाही, भाताचं चालेल ना?