कॅमलच्या तारा सैल का पडतात

सॉपविथ कॅमल, म्हणजे पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश दुपंखी लढाऊ विमान. त्याच्या १/४८ मॉडेलला पंखांमधल्या तारांसाठी लावलेला शिवणाचा दोरा पंधरवड्यात लोंबला, अशी एकाची तक्रार आहे. गाठ चुकलेली नाही, दोराच चुकीचा आहे. सुती दोऱ्याचा ताण हवेतल्या दमटपणाबरोबर बदलतो, शिवाय त्याची लव दिसते. खऱ्या विमानातली तार ५ मिमी धरली तरी या स्केलला जेमतेम ०.१ मिमी भरते.

तेव्हा ०.०८ ते ०.१ मिमीचा मासेमारीचा नायलॉन घ्या. रंगकामाआधीच ०.३ मिमीच्या बिटने भोकं पाडा: वरच्या पंखाच्या पोटात १ मिमी खोल, खालच्या पंखात आरपार. वरचं टोक सुपरग्लूने पक्कं झालं की पंख बसवा, दोरा खालून ओढून घ्या, त्याला कपड्यांचा एक हलका चिमटा लटकवा आणि मगच भोकात ग्लूचा थेंब सोडा. वाळल्यावर शेपूट ब्लेडने कापून पुट्टी. एक तार डावीकडे, एक उजवीकडे, आतून बाहेर असं जा. एकच बाजू आधी ताणली तर पंख पिळतो.

तरीही ढिली राहिलीच तर पेटती उदबत्ती ५ मिमीवरून झरकन फिरवा, नायलॉन आकसतो. क्षणभर रेंगाळलात की तुटला!

विंडस्क्रीन सगळ्यात शेवटी, नाहीतर सुपरग्लूच्या वाफेने पांढरी पडते.

आणि कॅमलला पितळी टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू) कृपया नकोत. ते जर्मन अल्बाट्रॉस विमानाला शोभतात. कॅमलच्या पंखांमधल्या तारा चपट्या, धारदार कडांच्या होत्या.